दोनशे बारा नंबरचं पान

आमच्या कचेरीत एक यंत्र आहे. त्याचं खरं नाव पर्णवाचक, पण सगळे त्याला चुगलखोर म्हणतात. आकाराने इडलीपात्राएवढं आणि काम करताना आवाजही तसाच, खदखदल्यासारखा. त्यात झाडाचं एक पान ठेवायचं, झाकण लावायचं आणि चाळीस मिनिटं थांबायचं. मग त्या झाडाला आजवर कोणी, कधी आणि कसा हात लावला ते यंत्र कागदाच्या पट्टीवर रेघा मारून सांगतं.

मी हेमांगी दाभोळे. 'घरोबा' या मासिकात मी बत्तीस वर्षं काढली. घर कसं मांडावं, भिंतींना रंग कोणता द्यावा, गॅलरीत काय लावावं, असल्या गोष्टी आम्ही लोकांना सांगतो. हल्ली त्या नव्या यांत्रिक चष्म्यातून आमचं पान पाहिलं की त्यातला सोफा थेट वाचकाच्या दिवाणखान्यात मांडलेला दिसतो, तरीही कागदी अंक खपतो, कारण सोफ्यावर बसून चाळायला काहीतरी हवंच. दर महिन्याला शेवटच्या पानावर माझं 'कोपरा' हे सदर असतं. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात आणि पूर्वी मला त्याचा अभिमान वाटायचा.

चुगलखोर आमच्याकडे आला तो बागसेवकांमुळे. पाणी घालणारी, छाटणी करणारी, कीड वेचणारी ही यंत्रं घरोघरी आली आणि आमच्या बागस्पर्धेची रयाच गेली. बक्षीस घ्यायला नटून येणाऱ्या लोकांना आपल्या झाडांची नावंसुद्धा सांगता येईनात. मग आम्ही 'स्वहस्ते बाग' अशी नवी स्पर्धा काढली. स्पर्धकाने लाडक्या झाडाचं एक पान पाकिटातून पाठवायचं. पाकिटावर फक्त नंबर आणि नावाचा अर्ज वेगळा, मोहोरबंद.

यामागचं शास्त्र सोपं आहे, निदान आमच्या फरीदा मुजावरने मला ते सोपं करून सांगितलं. ती वनस्पतिशास्त्रातली डॉक्टर आणि या यंत्राची मालकीणच म्हणा. वाऱ्याच्या तोंडावरचं झाड बुटकं आणि दणकट होतं, हे माळ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. झाडाला स्पर्श कळतो. कोणी पानाला हात लावला की पेशींमध्ये कॅल्शियमची एक लाट उसळते, काही जनुकं जागी होतात आणि त्यांच्यावर बारीकशी रासायनिक खूण राहून जाते. जनुकातला मजकूर बदलत नाही, समासात पेन्सिलीने टिंब पडतं एवढंच. झाडाला दिवस-रात्रीचं घड्याळ असतं, त्यामुळे ही टिंबं दिवसाच्या क्रमाने पडत जातात.

"पण पान तर गळून जातं," मी तेव्हा विचारलं होतं.

"पान गळतं, शेंडा राहतो की," फरीदा म्हणाली. ती मूळची जयसिंगपूरची. "जुनी टिंबं शेंड्यात असतात. नवं पान फुटतं ते घराण्याची सगळी वही घेऊनच फुटतं."

प्रत्येक हाताचा दाब वेगळा, ऊब वेगळी, कंप वेगळा. चुगलखोर हे सगळं टिपून रोजची एक रेघ मारतो. जोराचा स्पर्श असेल तर रेघ जाड, हलका असेल तर बारीक. ऊबदार हाताची तांबूस, गार हाताची निळसर.

पहिल्याच वर्षी भल्याभल्यांची भांडी फुटली. एका नामवंत बाईंच्या गच्चीवरल्या गुलाबांना माणसाचा हात शेवटचा लागला होता तो रोपवाटिकेत. ठाण्याच्या एका सूनबाईंच्या झाडांवर त्यांच्यापेक्षा सासऱ्यांचेच हात जास्त निघाले. हे सासरे चारचौघांत "काय तो पसारा मांडलाय" म्हणून बागेला नावं ठेवायचे आणि पहाटे गुपचूप कुंड्यांमधली माती मोकळी करायचे. तेव्हापासून नियम झाला, की ज्याच्या हाताची नोंद त्याची मालकी. त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या परवानगीशिवाय पट्टी छापायची नाही.

दोन वर्षांपूर्वी मी परीक्षक होते. दिवाळी अंकाला सात आठवडे उरले होते.

त्या दिवशी सकाळी दोनशे बारा नंबरचं पान निघालं. अनंताचं पान, गर्द हिरवं, तकतकीत. फरीदाने झाकण लावलं आणि आम्ही चहा घ्यायला गेलो. परत आलो तर पट्टी टेबलावरून खाली उतरून जमिनीवर पसरली होती.

"बाई गं," फरीदा खाली बसली. "सव्वीस वर्षांचं झाड. आणि रोजची रेघ आहे. इथवर तरी एक दिवस चुकवलेला नाही."

रोज तीन स्पर्श होते. पहिले दोन सारखे, तिसरा हलका. पट्टीवर दोन ठळक रेघा आणि एक केसासारखी. वर्षानुवर्षं तेच, दोन ठळक आणि एक बारीक.

"हाताची पालथी बाजू आहे," फरीदा म्हणाली. "बोटांची मागची बाजू लावतात बघ, ताप बघताना. तसं."

मी पट्टी हातात घेतली.

आमची आई ताप असा बघायची. पालथ्या बोटांनी आधी कपाळ, मग गाल, मग मान. मानेला गुदगुल्या होतात म्हणून तिसरा स्पर्श हलका. मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला ती रोज सकाळी उठवायची तेही असंच, ताप असो वा नसो. झाडांनाही ती असाच हात लावायची. "बरं आहे ना, बघते," म्हणायची.

"पुढे बघ," फरीदा म्हणाली. ती रेघांमध्ये गढली होती, माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "इथे खंड आहे. एक्केचाळीस दिवस काहीच नाही. आणि मग हे बघ, हे मी कधी पाहिलेलं नाही."

खंडानंतर रेघा बदलल्या होत्या. निळसर रेघ आणि तिच्या अंगावर चिकटून तांबूस रेघ. दोन्ही एकाच जागी, एकाच क्षणी.

"दोन हात आहेत. गार हाताला स्वतःचा जोर नाही. दुसरा हात त्याला धरून पानापर्यंत नेतोय. रोज तीन वेळा. पण तिसरा आता हलका नाही, तिन्ही सारखे पडतात. धरणाऱ्याला ती गोष्ट जमत नसणार."

एक्केचाळीस दिवस. आई पक्षाघाताने मिरजेच्या इस्पितळात होती ते एक्केचाळीस दिवस.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. बाबा गेल्यावर आई ताईकडे, मिरजेला राहिली. ताई म्हणजे वृषाली म्हैसाळकर, शाळेत गणित शिकवायची. हे पान आलं त्याच्या साडेनऊ वर्षं आधी आईचं सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली. त्यानंतर ती पंधरा महिने जगली. त्या पंधरा महिन्यांत मी तीनदा गेले. पहिल्याच खेपेला पाहिलं, की पुढच्या खोलीतली, खिडकीजवळची आईची खाट ताईने हलवली होती आणि मागच्या गॅलरीत, धुण्याच्या यंत्राशेजारी टाकली होती. पुढच्या खोलीत सोफा आला होता.

"ही इथे का?" मी विचारलं.

"तिला बरं वाटतं इथे," ताई म्हणाली.

मला ती सबब वाटली. हजारो घरांचे फोटो पाहून मला असा गर्व झाला होता, की खाट कुठे टाकली आहे यावरून मला घरातली माणसं वाचता येतात. पुण्याला परतले आणि मी 'कोपरा' लिहिला. सोफ्याला उजेड मिळतो आणि म्हातारीला धुण्याचे शिंतोडे, असं एक घर मी पाहिलं, असं काहीसं. नाव घातलं नव्हतं. पण आमचं मासिक मिरजेत घरोघरी जातं आणि ताईच्या शिक्षकखोलीतही जायचं. त्या लेखाचं इतकं कौतुक झालं, की वाचकांच्या पत्रांनी दोन पानं भरली.

ताईने भांडण केलं नाही. तिने बोलणंच सोडलं. आई गेली तेव्हा मी गेले, तर चौदा दिवसांत ती मला एवढंच म्हणाली, "चहा घेतलास का?" त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

गॅलरीत एक निळं, अर्धं कापलेलं पिंप होतं आणि त्यात अनंताचं झाड. मी ते पाहिलंही होतं. माझ्या लेखात ते आलं नाही, कारण ते माझ्या म्हणण्याच्या आड येत होतं.

"हेमांगी, हे बघ." फरीदाचा आवाज बदलला. तिचं बोट पट्टीवर पुढे सरकलं होतं. "अकरावा महिना. तिसरी रेघ पुन्हा बारीक झाली. आणि इथे तांबूस रेघ नाहीच. तिसऱ्या वेळी धरणाऱ्याने हात सोडून दिलाय. गार हात स्वतः हलतोय."

म्हणजे आईचा हात परत आला होता. थोडासा, एका पानापुरता. आणि पुण्यात बसलेल्या मला ते कळलंच नव्हतं.

त्यानंतर चार महिने तसंच. दोन स्पर्श धरून, तिसरा आईचा आईने. मग एका दिवशी निळी रेघ थांबली. दुसऱ्या दिवसापासून फक्त तांबूस रेघ होती, तीन स्पर्श, तिसरा हलका. ती रेघ आठ वर्षं चालली होती, अगदी पान तोडल्याच्या सकाळपर्यंत.

मी सगळी पट्टी पुन्हा एकदा पाहिली. सव्वीस वर्षांत त्या झाडाला माझा हात एकदाही लागलेला नव्हता.

"याचं नाव उघड," मी म्हणाले.

"निकालाआधी उघडायचं नसतं."

"माझं परीक्षण संपलं. ही माझी आई आहे."

फरीदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मोहोर फोडली. अर्ज ताईच्या हातचा होता, प्रत्येक अक्षर चौकोनात बसवलेलं. 'झाडाची निगा कोणी राखली?' या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'आईने. मी फक्त हात धरला.'

मी रडले. कचेरीत रडण्याची माझी ही पहिलीच वेळ. फरीदाने दार लोटून घेतलं आणि चुगलखोर पुसत बसली.

दुपारी मी आमचे संपादक सामंत यांच्याकडे गेले. परीक्षणातून माघार घेतली आणि दिवाळी अंकातल्या 'कोपऱ्या'त जुन्या लेखाची दुरुस्ती हवी म्हणाले. सामंत सज्जन गृहस्थ, पण मासिक चालवतात.

"नऊ वर्षं झाली, हेमांगीबाई. तो लेख कोणाला आठवतोय?"

"ज्यांच्याविषयी होता त्यांना आठवतोय."

"मग असं करा," ते पुढे वाकले. "ही पट्टीच छापू. चार पानं देतो, मुखपृष्ठ देतो. लोक अंक हातातून खाली ठेवणार नाहीत."

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? माफी मागायची आणि त्या माफीचंही कौतुक करून घ्यायचं, ही माझी जुनी खोड. पण नियम होता. परवानगी ताईची लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी मिरजेला निघाले. फोन केला नाही. फोनवर ती 'नको' म्हणाली असती आणि मी सुटले असते.

दार ताईनेच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिने मला पाहिलं, माझ्या हातातलं पाकीट पाहिलं.

"आलीस होय," ती म्हणाली. "ये की आत. उभी का?"

पुढच्या खोलीत तोच सोफा. मी त्यावर बसले नाही, खुर्चीवर बसले. ताईने पाणी आणून दिलं आणि समोर बसली. भावोजी मंडईत गेले होते, हे तिनेच सांगितलं.

"पान मिळालं ना?"

"मिळालं. ताई, मला पत्र का नाही लिहिलंस?"

"पत्र लिहिलं असतं तर तू त्यातली वाक्यं सुधारली असतीस," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण आवाजात थोडं होतं. "आणि मी सांगितलेलं तू तेव्हा तरी कुठे ऐकलंस? म्हटलं होतं मी, तिला बरं वाटतं इथे."

"म्हटलं होतंस."

"इस्पितळातून आणली तर सारखी मागे बघायची. बोट उचलता येत नव्हतं, डोळ्यांनी दाखवायची. दोन दिवस आम्हाला कळेना. मग ह्यांना कळलं, हिला झाड पाहिजे. पिंप आत आणायला गेलो तर दारातून जाईना. मग खाट बाहेर नेली." तिने पदराने टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं. "एवढंच झालं."

एवढंच झालं होतं. दार अरुंद होतं आणि पिंप मोठं.

"तुझं सदर मी तिला दर महिन्याला वाचून दाखवायची," ताई म्हणाली. "गॅलरीत, झाडाला हात लावून झाला की. तिला ऐकायला आवडायचं. त्या महिन्यात अंक आला आणि मी आधी मनात वाचला. मग तुझा एक जुना लेख काढला, तो कुठला, चुलीच्या जागी गॅस आला त्याचा, तो वाचला. तिच्या लक्षात आलं असणार. आधी ऐकलेला होता ना तिने. पण काही दाखवलं नाही."

नऊ वर्षांत मी माझी बाजू मांडणारी पुष्कळ वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"माझं चुकलं, ताई," मी म्हणाले. "फार चुकलं."

तिने मान हलवली. नाही म्हणत नव्हती, ऐकलं म्हणत होती.

मी पाकिटातून पट्टी काढली, सामंतांचं म्हणणं सांगितलं. चार पानं, मुखपृष्ठ. ताईने पट्टी मांडीवर घेतली आणि चष्मा लावून अकराव्या महिन्यावर आली. तिथे तिने बोट ठेवलं.

"हा दिवस मला माहीत आहे," ती म्हणाली. "मंगळवार होता. मी मनगट सोडलं नव्हतं, माझ्या हातातून सुटलं. मला वाटलं, पडला हात. तर तिने लावला." मग तिने पट्टी नीट घडी घालून पाकिटात ठेवली. "छापायची नाही. आईचा हात मासिकात नको."

"बरं."

"तू चुकलीस, एवढं लिही. का चुकलीस ते लिहू नकोस."

"मग लोकांना काय कळणार?"

"लोकांना कळावं म्हणून लिहिणार आहेस का?"

ती मुलांना असंच गणित शिकवत असणार. उत्तर सांगायचं नाही, पोराला पुन्हा उदाहरणाकडे पाठवायचं. मी पुन्हा 'बरं' म्हणाले. त्या दिवाळी अंकात 'कोपरा' तीन ओळींचा आला. 'नऊ वर्षांपूर्वी मी एका घराविषयी लिहिलं होतं. ते खोटं होतं. त्या घराची मी क्षमा मागते.' बाकीचं पान कोरं. वाचकांची फक्त दोन पत्रं आली, दोन्ही छपाईतली चूक दाखवणारी. आणि हे आज इथे लिहिते आहे ते ताईने ओळ न् ओळ वाचून, तीन ठिकाणी खोडून, मग 'असू दे' म्हटल्यावर. त्या दिवसाला आता दोन वर्षं झाली.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चहा झाला. चहा घेतेस का, हे ताईने या खेपेला विचारलं नाही, सरळ कप हातात दिला. मग ती उठली आणि म्हणाली, "चल मागे."

गॅलरीत खाट नव्हती. धुण्याचं यंत्र नवं होतं. निळं पिंप उन्हाने फिकट पडलं होतं आणि झाड माझ्या डोक्यापेक्षा उंच झालं होतं. दोन-तीन फुलं होती, कडेने पिवळी पडत आलेली. वास सगळ्या गॅलरीत होता.

"आजचा हात लावायचा राहिलाय," ताई म्हणाली. "सकाळपासून वाटत होतं, थांबावं."

"कशासाठी?"

तिने माझं उजवं मनगट धरलं. बोटं ऊबदार होती आणि पकड सरावाची होती, जोर न लावता उचलणारी. तिने माझा हात पालथा केला आणि पानापर्यंत नेला.

"एक," ती म्हणाली. "दोन. आता हलका."

आणि तिने मनगट सोडलं. माझा हात पानावर जरा जोरातच पडला. फांदी हलली, एक फूल खाली आलं.

"चुकलं," मी म्हणाले.

"चुकू दे," ताई म्हणाली. "आईला अकरा महिने लागले होते."